शेवटचा टप्पा

राष्ट्रीय सुवर्णपदक जिंकलेली दीपमाला जालन्याच्या मैदानावर जिल्ह्याचा रिले संघ निवडत होती. तिचे शाळेतले क्रीडाशिक्षक नातीला घेऊन आले.

"दीपमाला, माझ्या नातीला शेवटचा टप्पा दे. तुला मीच शेवटी पळवायचो, म्हणून तर तुझं नाव झालं."

"देते की, सर. शेवटी तीच पळंल."

सर खूश झाले. "मंग तिच्या आधी कोण?"

"मी. आजच्या चाचणीत मीच पळणार."

सरांचा चेहरा उतरला.

"भीमनगरातल्या पोरीच्या हातचं बॅटन कुणाला घ्यावं लागू नये, म्हणून मला शेवटी ठेवायचे ना तुम्ही? मला तवाच कळल्तं."

दीपमालानं बॅटन नातीपुढं धरलं. "घे बाळा. आजोबांच्या डोळ्यांदेखत घे."