डावीकडचा रस्ता

दोघांचं हसणं आधी वर आलं, मग दोघं.

लुसियाँ खिंडीतल्या दगडी कठड्यावर बसून सॉसेज कापत होता. खालच्या वळणावरून, चेस्टनटच्या झाडीतून ओदीलचा आवाज आला, मग तिएरीचा, आणि पुन्हा दोघांचं हसू. लुसियाँची सुरी थांबली. चढावर हसत होती ही बाई! छत्तीस वर्षांच्या संसारात त्याच्याबरोबर चढ चढताना तिनं कधी चकार शब्द काढला नव्हता. ‘श्वास सांभाळ, बोलू नकोस,’ हे त्यानंच तिला शिकवलं होतं.

दर जूनमध्ये नवरा-बायको पाच दिवस सेव्हेनच्या डोंगरांत सायकली घेऊन निघत. यंदा लुसियाँच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. या वर्षी राहू दे, असं ओदील म्हणेल म्हणून तो वाट पाहत होता. ती म्हणाली, “तू गाडी घेऊन ये, सामान तुझ्याकडे. सोबतीला तिएरीला विचारते.” तिएरी शेजारच्या गावचा निवृत्त मास्तर, एकटा राहणारा, दोघांचाही जुना मित्र. आज त्यांचा तिसरा दिवस होता.

वर पोचल्या पोचल्या तिएरीनं आपली पाण्याची बाटली पुढे केली. ओदीलची बाटली तिच्या सायकलला होती. तरी तिनं तिएरीचीच घेतली, घटाघटा प्यायली आणि मनगटानं तोंड पुसलं.

“बायको आहे का इंजिन, लुसियाँ?” तिएरी धापा टाकत म्हणाला. “शेवटच्या दोन किलोमीटरला पार चोथा केला माझा.”

“खोटारडा! मुद्दाम मागे राहत होता.”

“मुद्दाम कसला? जीभ चाकापर्यंत लोंबत होती माझी.”

“खाऊन घ्या,” लुसियाँ म्हणाला.

बकरीचं चीज, पाव, जर्दाळू, सगळं त्यानं निगुतीनं मांडलं होतं. ओदीलनं बूट काढून पाय गवतात पसरले. उन्हानं तिचं नाक सोललं होतं. दहा वर्षांनी लहान दिसत होती ती, आणि हे तिएरीलाही दिसत असणार.

जेवण झाल्यावर तिएरीनं नकाशा उलगडला. “मोंब्रेलला उतरायला इथून दोन रस्ते दिसतात. तू सांग. तुझा मुलूख आहे हा.”

लुसियाँनं नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. “डावीकडून जा. उजवीकडे मोटारी फार. डावीकडे चिटपाखरू नसतं. नुसता उतार आणि सावली.”

सावली होती, हे खरं. पण लाकडाच्या वखारीपाशी डांबर संपत होतं आणि पुढे सहा किलोमीटर सुटे दगड, एका अंगाला दरी. लुसियाँ पूर्वी एकदा तिथून उतरला होता. तिएरीच्या सायकलची चाकं बारीक. दोन-तीन पंक्चर, तासा-दोन तासांची पायपीट आणि शेवटी धुळीनं माखलेला, वैतागलेला तिएरी. एवढंच त्याला हवं होतं. जेवणानंतर ओदील गाडीतून येणार, हे सकाळीच ठरलं होतं.

ओदील बुटांच्या नाड्या बांधायला लागली. “मीही जाते याच्याबरोबर.”

“तू गाडीत बसणार होतीस ना?”

“नुसता उतार आहे म्हणतोस.” तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. “आहे ना?”

तेव्हा बोलता आलं असतं. पण तिएरी हेल्मेटचा पट्टा लावत समोरच उभा होता.

“आहे,” लुसियाँ म्हणाला.

मोंब्रेलच्या चौकात त्यानं कॉफी मागवली. पहिला तासभर त्याला दिसत होतं ते एवढंच: तिएरी पंक्चर काढतोय, ओदील शेजारी बसून त्याला पाना देतेय, आणि दोघं हसतायत. मग कॅफेवाली बाई कप उचलायला आली.

“कुणाची वाट बघताय?”

“दोघं सायकलवर येतायत. वखारीकडून.”

“वखारीकडून? अहो, गेल्या पावसात आणखी दगड आलेत तिथं खाली. बकरीसुद्धा कुणी नेत नाही तिकडनं. पाठवलं कुणी त्यांना?”

लुसियाँ उठला. काठी खुर्चीलाच राहिली. दुखरा पाय ओढत तो गावाच्या टोकापर्यंत गेला, तिथून कच्च्या रस्त्यानं वर चढू लागला.

अर्ध्या तासानं ती दोघं दिसली. तिएरी दोन्ही सायकली ढकलत होता. मागून ओदील, पांढऱ्या धुळीनं माखलेली. कोपर सोललं होतं, त्याच्यावर तिएरीचा गळ्यातला रुमाल बांधलेला.

“माझीच चूक!” तिएरी लांबूनच ओरडला. “वखारीपाशी वळण चुकलो बहुतेक. तू सांगितलेला रस्ता हा नसणारच. बिचारी चांगलीच आपटली.”

दोष घ्यायलाही तोच पुढे झाला होता. सायकली घेऊन तो गावाकडे उतरत गेला.

ओदील लुसियाँपाशी थांबली. “वळण काही चुकलं नव्हतं,” ती म्हणाली.

“मला वाटलं, रस्ता आता नीट केला असेल. मी फार पूर्वी गेलो होतो.”

“आपण गेलो होतो, लुसियाँ. मी तुझ्या मागेच होते.”

त्यानं आठवून पाहिलं. दगड आठवले, दरी आठवली, स्वतःचं पुढचं चाक आठवलं.

“माहीत होतं, तर मग गेलीस कशाला?”

ओदीलनं रुमालाची गाठ दातांनी घट्ट केली.

“पहिल्या वळणापर्यंत ब्रेक दाबतच गेले मी,” ती म्हणाली. “म्हटलं, मागून हाक मारशील.”