थरथरीची डबी

या, जरा जवळ सरकून बसा. एका बापलेकीची गोष्ट सांगतो.

बाप प्रार्थनेला गायचा, लेक गिटारवर साथ करायची. आजारपणानंतर बापाचा आवाज थरथरू लागला, तेव्हा प्रार्थनामंडळाच्या प्रमुखांनी तोंडावर सांगितलं, "रविवारी शेवटचं ऐकतो. नाही जमलं तर माणूस बदलू." त्या माणसाचा तर सारा जीवच देवापुढच्या दोन गाण्यांत होता.

लेक गिटारच्या पेडलमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या छोट्या डब्यांमध्ये, फेरफार करून नवनवे आवाज काढणारी. तिने बापाचा माईक एकेका पेडलला जोडला, आठ दिवस आतले भाग बदलले, सोल्डरिंग करताना बोटं पोळून घेतली. थरथर काही जाईना. शनिवारी ती रडकुंडीला आली. "बाबा, या डब्या थरथर घालायलाच बनवल्यात हो! ती काढायला एकीलाही येत नाही."

"राहू दे गं बाई," बाप म्हणाला. "देवाला माझा आवाज ओळखीचा आहे. माणसांचंच अवघड आहे."

ती डोळे पुसून पुन्हा कामाला बसली. आतला एक रेझिस्टर बदलून तिने एका पेडलची थरथर मंद केली, थेट बापाच्या गळ्याइतकी. या वेळी त्याला माईक जोडला नाही, स्वतःची गिटार जोडली.

रविवारी दोघांची थरथर अशी मिसळली की बापाची वेगळी ऐकूच येईना.

प्रमुख खूश झाले. "काका, काय ठाम लागला आवाज! तुम्ही गात राहा. लेकीला मात्र थांबवा आता, तिची गिटार फार थरथरते."



मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या लेकीची तेवढी आठवण ठेवा.