न धुतलेले बूट

"पुन्हा बघा, पापा," बेल्कीस म्हणाली. तिने टेबलावर खडूने चौकोन काढला आणि डॉमिनोच्या एका सोंगटीला टिचकी मारली. सोंगटी चौकोनावरून सुसाट गेली ती थेट जमिनीवर.

"पडलीस," तुरीच्या शेंगा सोलता सोलता राडामेस म्हणाला.

"टेबल गुळगुळीत आहे. मैदानावर माती होती. मातीचं घर्षण वेगळं."

"मग सोंगटीला सांग, मातीत जाऊन खेळ."

बापलेकीचं हे भांडण दर शनिवारी व्हायचं. ते सुरू झालं तेव्हा बेल्कीस अकरा वर्षांची होती. साखर कारखान्याच्या वस्तीतला बेसबॉलचा अंतिम सामना. मुलांच्या संघात तिच्या हातात बॅट कोणी देत नसे. पण अगदी शेवटी एकाचा घोटा मुरगळला आणि त्याच्या जागी फक्त धावायला म्हणून तिला उतरवलं. तिसऱ्या बेसवरून ती सुटली आणि धुळीत डोळे मिटून, पाय पुढे करून होम प्लेटकडे घसरली; चेंडू अंगाला टेकण्याआधी जमिनीतल्या त्या फळीला स्पर्श झाला तरच धाव. समोरच्या संघाचा कॅचर फेयो याने चेंडू तिच्या पाठीला टेकवला, पण उशिरा. उशीर झाला हे सगळ्या वस्तीने पाहिलं.

पंच तिचा बाप होता. त्याने मूठ वर केली. "आउट!"

सामना गेला. त्या दिवसापासून तो वस्तीसाठी आंधळा राडामेस झाला. तिथे एकदा चिकटलेलं नाव थडग्यापर्यंत सोबत करतं; एक सोपा झेल सोडणाऱ्या फेयोच्या काकाला म्हातारपणीही सगळे 'लोणी'च म्हणत. राडामेसला दर वाढदिवसाला कोणी ना कोणी चष्मा भेट देई. एक अख्खा खण चष्म्यांनी भरला होता. वास्तविक तो शेजारच्या टेबलावरच्या सोंगट्यांचे ठिपके बसल्या जागेवरून मोजत असे.

बेल्कीस पुढे भौतिकशास्त्राची शिक्षिका झाली. लोक म्हणत, बापावरचा राग काढायलाच झाली. दरवर्षी ती नव्या वर्गाला आपली घसरण शिकवी. वेग दुप्पट, तर गतिज ऊर्जा चौपट. चेंडूचा वेग इतका, तिचा इतका, मातीचा विरोध इतका. गणित कसंही सोडवा, चेंडूच्या आधी ती पोचलेलीच असे. तिचे त्या दिवशीचे बूट राडामेसच्या ओसरीवर खिळ्याला लटकत होते, वाळलेल्या लाल मातीसकट.

"एवढी ऊर्जा घेऊन आलीस," राडामेसने विचारलं, "ती संपली कुठे?"

"घर्षणात. उष्णता झाली तिची. म्हणून तर विजार फाटली."

"विजार नवी होती," तो हळहळला.

"पापा, एकदा म्हणा ना. सेफ. एवढा एकच शब्द. वस्तीसमोर नको, फक्त मला म्हणा."

त्याने एक दाणा तोंडात टाकला. "पंच निकाल बदलत नाही, पोरी. आणि ते बूट धू एकदाचे. किती वर्षं सांगतोय!"

"पुरावा कोणी धुतं का?"

"कोळी घर करतील त्यात."

"करू देत. साक्षीदार वाढतील."

तो खो खो हसला. "उद्या ये. नारळाच्या दुधात तुरीचा भात करतो. तुझी ती ऊर्जा घेऊन ये, खोबरं खवायचंय."

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा सोललेले दाणे पाण्यात तसेच भिजत होते. राडामेस झोपेतच गेला होता.

संध्याकाळी ओसरी माणसांनी भरली. शवपेटीभोवती खुर्च्या मांडल्या, आल्याचा चहा फिरला, कोपऱ्यात डॉमिनोचा डाव पडला. कोणीतरी राडामेसच्या खिशात एक चष्मा खोचला. "वर गेल्यावर देव तरी नीट दिसू दे," तो म्हणाला, आणि रडणारेही हसले.

बेल्कीसने खिळ्यावरचे बूट काढले.

"हे कशाला?" फेयोने विचारलं. त्याचं आता दुकान होतं आणि पोट दुकानाबाहेर आलं होतं.

"सोबत देते. वर अपील करीन म्हणते. पुरावा पंचाजवळच असलेला बरा."

"मी साक्ष देईन तुझ्या बाजूने. चेंडू उशिराच लागला होता." फेयोने डोळे पुसले. "काय माणूस होता गं! सामन्याच्या सकाळी होम प्लेट स्वतः रंगवायचा. पांढरीशुभ्र. म्हणजे कोणाची तक्रार नको. तुझ्या त्या सामन्याला दमट हवेत रंग वाळलाच नाही, आठवतं? ज्याचा पाय प्लेटवर पडला त्याच्या बुटाचा तळवा पांढरा. दोन्ही संघांच्या पोरांनी घराघरांत ठसे उमटवले. माझ्या आईने मला झाडूने बडवलं. आठवडाभर घासले बूट, तरी रंग काही निघाला नाही."

बेल्कीस हसता हसता थांबली.

तिने बूट उलटे केले. दिव्याजवळ नेले. एका तळव्यावरून अंगठा फिरवला, मग दुसऱ्या. माती भुरुभुरु खाली पडली. लाल. खालचं रबर काळं. टाचेची खाच तिने नखाने कोरून पाहिली, तिथेही लालच.

"काय झालं?" फेयोने विचारलं.

मोरीत जाऊन तिने दोन्ही बूट साबण लावून स्वच्छ धुतले आणि ओले तसेच बापाच्या पायाशी ठेवले. मग ताठ उभी राहिली, मूठ वर केली आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आउट!"