जेवल्याची खबर

यकृताचं दुखणं जुनं आणि त्याचा ताण डावीकडच्या प्लीहेवर, म्हणजे पाणथरीवर यायचा, म्हणून कुमुदताईंच्या डाव्या बरगडीवर सेन्सरची पट्टी होती. जेवण झालं की प्लीहेतला रक्तप्रवाह बदलायचा आणि पट्टी ते थेट मेलबर्नला मुलाच्या फोनवर कळवायची. आईचं सगळं आपोआप समजतं म्हटल्यावर शिरीष हल्ली "जेवलीस का?" विचारायलाही फोन करत नसे.

आज ताट घासून झाल्यावर त्यांनी पट्टी ओरबाडून काढली. लगेच फोन वाजला.

"हो रे, जेवले! अळूचं फदफदं केलं होतं, बिनमिठाचं."

"पट्टी निघाली आहे. कृपया पुन्हा लावा."

आवाज शिरीषचाच होता, पण बोलत होतं यंत्र.

कुमुदताईंनी पट्टी लावली. मग फोन न ठेवता त्यांनी विचारलं, "तू जेवलास का रे?"