खिडकीपाशी कोण?

तिसगावात आराधनाबाईंच्या संगीताला कुणी संगीत म्हणत नसे. तीस वर्षं चर्चमध्ये पेटी वाजवून थांबल्यावर बाईंनी बैठकीच्या खोलीत पाच स्पीकर बसवले होते, तीन समोर आणि दोन पाठीमागे. त्यांतून यंत्रांवर रचलेलं परदेशी संगीत, सुई पडली तरी कळावी इतक्या स्वच्छ आवाजात, खोलीभर फिरायचं.

"जात्यात खडे पडल्यावानी वाटतंय, बाई. लोक नावं ठेवत्यात," शेजारच्या बनुबाई म्हणायच्या.

"ठेवू देत. जन्मभर लोकांना आवडेल तेच वाजवलं. आता मला आवडेल ते ऐकणार."

त्या दुपारी बनुबाई दारातच थबकल्या. "खिडकीपाशी कोन वाजवतंय?"

बाईंनी कान दिला. खिडकीपाशी स्पीकर नव्हता. तरी तिथून एक बारीक, पत्र्यासारखा सूर येत होता आणि बाकीच्या पाचांशी तंतोतंत जुळत होता.

"बंद करा, बाई!"

"नाही करणार." बाईंनी आवाज वाढवला. खिडकीजवळचा सूरही वाढला.

तेवढ्यात वीज गेली. पंखा मंदावला, पाचही स्पीकर गप्प झाले. तो सूर मात्र चालूच राहिला. बनुबाई पदर तोंडाशी धरून पळाल्या.

बाईंनी खुर्ची ओढून खिडकीसमोर ठेवली आणि त्या ताठ बसल्या.

"वाजव," त्या म्हणाल्या. "मी उठणार नाही."

सूर थांबला. आणि बाईंच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर, गाण्याआधी घेतात तसा, कुणीतरी लांब श्वास घेतला.