पडद्यामागची खुर्ची

अक्कलकुव्याला मूकपटाचा तंबू लागला. मी वर्गाला त्यावरच निबंध घातला नि सगळ्या मुलांना घेऊन गेलो. बघणाऱ्यांत वाचता येणारे थोडे, म्हणून पडद्यावरची वाक्यं मोठ्यानं वाचायला मालकानं मला शाळा कमिटीच्या पाटलांशेजारी खुर्ची दिली. गावातली मुलं त्यानं आमच्यापुढे बसवली. डोंगरातली पडद्यामागे धाडली. तिथून चित्र दिसतं, पण अक्षरं उलटी. मी खुर्ची उचलली नि पडद्यामागे गेलो. खेळ सुरू झाला, पहिलं वाक्य उमटलं. फुलवंता या डोंगरातल्या मुलीला खुर्चीवर उभं केलं. “उजवीकडून वाचत जा.” ती अडखळली, मग खणखणीत वाचू लागली. पुढून पाटील ओरडले, “मास्तर, नोकरी करनी शे ना? पोरीले चूप करा, आठे या, तुम्ही वाचा!” “आज तीच वाचणार,” मी म्हणालो. “नीट ऐकायचं तर मागे या, पाटील. पण खुर्ची मिळणार नाही.”