नमुन्याची माती

हौशीरामने फावडं घातलं ते खाचराच्या अगदी मधोमध. काळीभोर, ओलसर माती त्याने पिशवीत भरली आणि वरून थोपटलीही.

"हितली का भरताय? बाईंनी माळावरची सांगितलीया न्हवं?" लीलाबाईने बांधावरून नवऱ्याला हटकलं.

"गप गं! माळावरची दावली तर बाई गाडीतनं खाली उतरायची न्हाई."

यात खोटं काही नव्हतं. कान्हे स्टेशनापासून तासाभराच्या चालीवरचा त्याचा तो माळ साऱ्या वाडीच्या चेष्टेचा विषय होता. आजोबांनी तिथे नाचणी पेरून पाहिली, वडिलांनी वरई. हाती लागला तो मुरूम. वीतभर खणलं की पहार ठणकन वाजायची आणि खणणाऱ्याच्या दाढा हलायच्या.

असा माळ बघायला पुण्याहून चैताली नावाची आर्किटेक्ट येऊन गेली होती. मुंबईच्या कुणा साहेबांना बंगला बांधायचा होता. जाताना ती म्हणाली होती, "आबा, माळावर तीन फूट खड्डा घ्या. जे निघेल ते पिशवीत भरून ठेवा, मी परवा येते." जमीन घेणारा माणूस चांगली मातीच शोधणार, याबद्दल हौशीरामच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग खड्डा घेण्याचे कष्ट त्याने कशाला घ्यावेत? खाली भाताचं खाचर होतंच.

माळ खपणं भागच होतं. मुलाला, सत्यमला, तळेगावात फ्लॅट हवा होता. संक्रांतीपर्यंत माळ विका, नाहीतर खाचर विका, असं त्याने बापाला बजावलं होतं, आणि पोराला नाही म्हणणं बापाला कधी जमलं नव्हतं. खाचरात लीलाबाईचा जीव होता. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने तिथे शेणखत ओतलं, भाताच्या रोपांसाठी पाला-शेण जाळून राब भाजले, चिखलात उभं राहून पाय कुजवून घेतले. माळ गेला तरच खाचर वाचणार होतं.

ठरल्या दिवशी चैताली आली. माळाच्या कडेला गाडी लावून तिने पिशवी उघडली, मूठभर माती दाबून पाहिली. तिचा छान लाडू वळला. चैतालीचा चेहरा पडला.

"तीन फुटांपर्यंत हीच लागली?"

"तीन? अवो, पुरुषभर खणा, हीच! तूप हाय तूप!"

"मग नाही जमायचं, आबा," चैतालीने पिशवीचं तोंड बांधलं. "अशा मातीत बंगला खचेल. शिवाय पोहायचा तलाव आहे. आम्हाला खाली खडक हवा होता."

हौशीरामने आ वासला. लोक हल्ली मावळात खडक शोधत येतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. क्षणभर त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. पण बाई गाडीकडे निघाली होती. खड्डा घेतल्याचं दाखवायला आणलेली पहार हौशीरामने उचलली आणि साठाव्या वर्षी माळावर धूम ठोकली.

"ऐका, बाई, ऐका!" त्याने इथे पहार मारली, तिथे मारली. ठण्! ठण्! "समदा खडकच हाय! गवताची काडी येत न्हाई हितं! बैलसुदिक थुकत न्हाईत या माळावर! म्या खोटं बोललो, आईशपथ!"

मावळात आजवर कुठल्याही शेतकऱ्याने आपल्याच जमिनीची इतक्या कळवळ्याने निंदा केली नसेल. चैताली खुदकन हसली. मग पहार घेऊन तिने स्वतः चार ठिकाणी ठोकून पाहिलं, आणि माळ तिच्या मनात भरला.

"मग ही माती कुठली?"

इथे हौशीरामने गप्प बसायला हवं होतं. पण जन्मभर माळापायी खाल्लेले टोमणे त्याला गप्प बसू देईनात.

"ती आमच्या खालच्या खाचरातली," तो छाती फुगवून म्हणाला. "अशी माती पंचक्रोशीत दावा!"

"खरंच सुंदर आहे. खडकावर लॉन धरणार नाही, दीड फुटाचा थर टाकावाच लागेल. ही माती वर आणून द्यायची, एवढं कागदावर घालू. जमत नसेल तर साहेबांना भुशीकडची जागा दाखवते."

हौशीरामने खाली पाहिलं. लीलाबाई कापणीनंतरच्या खाचरात वाकून गळालेल्या लोंब्या वेचत होती. त्याने खूप विचार केल्यासारखा चेहरा केला, आणि मग मान डोलावली.

तो उतरून आला तेव्हा लीलाबाई धावतच बांधावर आली.

"खपला का वो माळ?"

"खपला."

"मंजी आपलं खाचर ऱ्हायलं!" तिने चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हौशीरामला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तोंडचा तोरा काही सुटेना.

"ऱ्हायलं की! सातबाऱ्यावरनं आपलं नाव बी हलायचं न्हाई," तो म्हणाला. "फकस्त माती तेवढी जानार हाय."